शोकान्ताची मालकी

१ ऑगस्ट २०२५ रोजी तमिळनाडूतील चित्रपटगृहांत ‘अंबिकापती’ हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. आनंद एल. राय यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि हिमांशू शर्मा यांनी लिहिलेल्या ‘रांझणा’ या हिंदी चित्रपटाचा हा तमिळ अवतार. दोन्ही जून २०१३ मध्ये प्रथम पडद्यावर आले होते. जुने लोकप्रिय चित्रपट पुन्हा दाखवण्याची प्रथा अलीकडे चांगलीच रूढ झाली असल्याने या पुनःप्रदर्शनात विशेष नवल नव्हते. नवल होते ते शेवटात. बारा वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या खाटेवर प्राण सोडणारा नायक कुंदन या खेपेस डोळे उघडून उठून बसला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शोकान्ताचा सुखान्त करण्यात आला होता.

दिग्दर्शकाने या बदलाचा तीव्र निषेध केला. आपल्याला विचारलेही गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कुंदनची भूमिका करणाऱ्या धनुष यांनी, आपण बारा वर्षांपूर्वी स्वीकारलेला चित्रपट हा नव्हे, असे जाहीर केले. निर्मितीसंस्था इरॉसचे उत्तर असे, की चित्रपटाची मालकी आपली आहे, नवा शेवट हा पर्यायी शेवट आहे हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगितलेले आहे, आणि मूळ चित्रपटही उपलब्ध आहेच. वर्तमानपत्रांत काही दिवस चर्चा झाली आणि विरली. परंतु या घटनेत गुंतलेला प्रश्न एका चित्रपटापुरता मर्यादित नाही. कलाकृतीचा शेवट म्हणजे काय, तो कोणाच्या मालकीचा असतो आणि तंत्रज्ञानाने तो बदलणे सोपे झाल्यावर आपण प्रेक्षक म्हणून काय गमावतो, याचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘रांझणा’चा शेवट काय करतो ते पाहू. कुंदन हा बनारसमध्ये वाढलेला, तमिळ पुरोहिताचा मुलगा. जोया या मुसलमान मुलीवर तो बालपणापासून प्रेम करतो. तिचे प्रेम मात्र दिल्लीतील एका तरुण विद्यार्थी-नेत्यावर जडते. हा तरुण जन्माने शीख असून जोयाच्या घरच्यांसमोर अकरम या मुसलमान नावाने उभा राहिलेला असतो. ऐन लग्नाच्या दिवशी कुंदन हे गुपित फोडतो. तरुणाला जबर मारहाण होते आणि त्यातच त्याचा पुढे अंत होतो. चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणजे या अपराधाच्या छायेत कुंदनने केलेली वाटचाल आहे. तो दिल्लीला जातो, मृताच्या सहकाऱ्यांत वावरतो, त्याचेच अपुरे काम खांद्यावर घेतो. अखेर ज्या सभेत आपल्या जिवावर घाला येणार आहे आणि जोया त्यात सामील आहे, तिथे तो सारे ठाऊक असून जातो.

या चित्रपटावर टीका झाली होती, आणि ती निराधार नव्हती. नकार देणाऱ्या मुलीचा सतत पाठलाग करणाऱ्या तरुणाला चित्रपट गोंजारतो, असा त्या टीकेचा आशय होता. पूर्वार्धातील अनेक प्रसंग आज पाहताना अस्वस्थता येते, यात शंका नाही. परंतु चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगता येत होती: तो नायकाला मोकळा सोडत नाही. कुंदनच्या हट्टापायी एका माणसाचा जीव गेला आहे, आणि त्या जिवाची किंमत कुंदन स्वतःच्या जिवाने मोजतो. अखेरच्या स्वगतात तर तो मृत्यूशय्येवरून, अजून उठता येईल, या शक्यतेचा स्वतःच विचार करतो, आणि उठण्याचे नाकारतो. म्हणजे ‘नायक वाचला तर?’ हा प्रश्न लेखकाच्या नजरेतून निसटलेला नव्हता. तो कथेतच विचारलेला होता आणि त्याचे उत्तरही कथेने दिलेले होते.

नव्या शेवटाने ते उत्तर पुसले. त्यामुळे चित्रपट केवळ कमी दुःखद झाला, असे मानणे चूक ठरेल. तो नैतिक दृष्ट्या निराळा चित्रपट झाला. ज्याच्यामुळे एक तरुण मेला तो डोळे उघडतो, मित्रांचे चेहरे उजळतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. मृत तरुणाच्या बाजूने बोलणारे या शेवटात कोणीही उरत नाही. मूळ कथेत ज्याला प्रायश्चित्त म्हणता येईल, ते इथे निव्वळ अपघातातून बचावणे ठरते. ज्यांनी ‘रांझणा’वर पाठलागाच्या गौरवाचा आरोप केला होता, त्यांचा आरोप या नव्या शेवटाने कधी नव्हे इतका खरा केला. सुखान्त हा नेहमीच दयाळू असतो, ही समजूत किती भाबडी आहे याचे हे उत्तम उदाहरण होय.

यात एक विसंगतीही आहे. रांझा हे नाव पंजाबच्या हीर-रांझ्याच्या कथेतून आलेले आहे. अंबिकापती हा आख्यायिकेनुसार तमिळ महाकवी कंबन यांचा मुलगा. चोळ राजकन्येवरील प्रेमापायी त्याने प्राण गमावले. दोन्ही भाषांतील शीर्षके प्रेक्षकाला आरंभीच सांगून ठेवतात, की ही कथा कोणत्या कुळातील आहे. तमिळ शीर्षक तसेच ठेवून नायकाला जिवंत करणे म्हणजे दारावरची पाटी न बदलता घर बदलण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. शेवट बदलणे ही आजची गोष्ट थोडीच आहे? हीर-रांझ्याचीच कथा घ्या. वारिस शाहच्या १७६६ मधील प्रसिद्ध काव्यात हीर विषप्रयोगाने मरते आणि रांझाही प्राण सोडतो. परंतु त्याहून जुन्या, दामोदर कवीच्या काव्यात मात्र प्रेमिकांचे मीलन होते. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १६८१ मध्ये नेहम टेट याने त्या नाटकाचे नवे रूप रचले. त्यात लिअर जगतो, कॉर्डेलिया जगते आणि तिचे एडगरशी लग्न ठरते. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे हेच रूप चालले. डॉ. जॉन्सनसारखा थोर समीक्षकही टेटच्या बाजूला झुकला. कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला इतका धक्का बसला होता, की नाटकाचे संपादन करण्याची वेळ येईपर्यंत त्याने ते अखेरचे प्रवेश पुन्हा वाचले नव्हते. १८२३ मध्ये एडमंड कीन याने शोकान्त शेवट पुन्हा रंगमंचावर आणला आणि १८३८ मध्ये मॅक्रेडीने शेक्सपिअरची संहिता बऱ्याच अंशी पूर्ववत केली.

आपल्याकडे ‘शोले’चे उदाहरण आहे. मूळ शेवटात ठाकूर आपल्या पायांनी गब्बरचा जीव घेतो. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरने त्याला हरकत घेतली आणि शेवटच्या क्षणी पोलीस येऊन ठाकुराला थांबवतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. १५ ऑगस्ट १९७५ पासून पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी पाहिला तो हा बदललेला शेवट. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली ती जून २०२५ मध्ये, म्हणजे ‘अंबिकापती’च्या पुनःप्रदर्शनाच्या थोडेच दिवस आधी. एका चित्रपटाला त्याचा हिरावलेला शेवट परत मिळत होता आणि दुसऱ्याचा हिरावला जात होता, हा योगायोग विलक्षण खरा.

तेव्हा शेवट पूर्वीही बदलत होते, हे मान्यच केले पाहिजे. भेद आहे तो दोन गोष्टींत. पहिली गोष्ट नावाची. दामोदरची हीर दामोदरची आहे आणि वारिस शाहची वारिस शाहची. टेटने लिअरला जगवले तर ते टेटचे लिअर झाले. त्याच्या यशाचा आणि पुढे झालेल्या उपहासाचाही धनी तोच. पारंपरिक कथा नव्याने सांगणारा प्रत्येक जण स्वतः श्रोत्यांपुढे उभा असतो, आणि ‘हे मी असे सांगतो’ ही जबाबदारी त्याच्या मुखावर लिहिलेली असते. ‘अंबिकापती’चा नवा शेवट कोणी लिहिला? कुंदनला उठून बसवण्याचा निर्णय कोणत्या लेखकाने घेतला? पडद्यावर चेहरा धनुष यांचा आहे, कथा हिमांशू शर्मांची आणि चित्रपट राय यांच्या नावाने ओळखला जाणारा. ज्यांनी बदल नाकारला त्यांचीच नावे त्या बदलाला चिकटून राहिली, आणि ज्यांनी तो केला ते मालकी या एका शब्दाआड राहिले.

दुसरी गोष्ट अडचणीची. ‘शोले’चा शेवट बदलायचा तर रमेश सिप्पी यांना पुन्हा कॅमेरा लावावा लागला, कलावंतांना पुन्हा बोलवावे लागले. त्यांनी तो बदल नाखुशीने केला असेल. पण त्यांच्यावाचून तो होऊच शकत नव्हता. सत्तेलाही कलावंताच्या दाराशी यावे लागत होते. नटाच्या देहाची गरज हेच नटाच्या संमतीचे रक्षण होते. आपण ज्याला कलेची मर्यादा म्हणत आलो, तिचा बराचसा भाग वास्तविक साधनांची मर्यादा होती, आणि साधनांच्या त्या अपुरेपणाआड बरीचशी सभ्यता सुरक्षित होती. आज असंख्य प्रतिमांच्या अभ्यासातून घडवलेली संगणकीय प्रणाली, उपलब्ध दृश्यांतील चेहरा घेऊन, कधीच चित्रित न झालेले दृश्य तयार करू शकते. नटाला बोलवावे लागत नाही. म्हणून त्याला विचारावेही लागत नाही. तंत्रज्ञानाने घडवलेला खरा बदल हा आहे. चित्रे हलतात कशी, हा प्रश्न गौण होय.

कायदा इथे कोणाच्या बाजूने उभा आहे? भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५७ लेखकाला काही खास हक्क देते. कृती विकून टाकल्यानंतरही, तिचा विपर्यास किंवा मोडतोड होऊन आपल्या लौकिकास बाधा येत असेल, तर लेखक त्याविरुद्ध दाद मागू शकतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा, कथेत आणि तिच्या शेवटात केलेल्या बदलांवरून त्या न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाची महती स्पष्ट करताना, लेखकाचा हा हक्क कराराच्या शब्दांपलीकडचा आहे, अशी भूमिका घेतली. कादंबरीच्या शेवटासाठी एक लेखिका भांडू शकली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चित्रपटाच्या दिग्दर्शकाला मात्र हा मार्ग जवळजवळ बंद आहे. कारण याच कायद्यानुसार चित्रपटाचा ‘लेखक’ म्हणजे त्याचा निर्माता. दिग्दर्शकाचे नाव त्या व्याख्येत नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याच्या जोडीने हे स्थान द्यावे, असा प्रस्ताव होता. २०१२ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा तो वगळला गेला. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातील न्याय्य वाटा मिळवून दिला आणि नटांसारख्या कलावंतांनाही आपल्या सादरीकरणाच्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. म्हणजे पटकथालेखक आणि नट यांना कायद्यात निदान उभे राहायला जागा आहे. ज्याच्या दृष्टीतून चित्रपट आकारास येतो तो दिग्दर्शक तेवढा बाहेर. फ्रान्समध्ये चित्र निराळे आहे. अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या १९५० च्या कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवून तो फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ह्यूस्टन यांच्या वारसांनी दाद मागितली, आणि १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. चित्रपट विकत घेणाऱ्याने त्याचा आत्माही विकत घेतलेला नसतो, हे तत्त्व तिथे कायद्याने मानले. आपल्याकडे २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा लोकांनी गर्दी केली. त्याचे दिग्दर्शक के. आसिफ १९७१ मध्येच निवर्तले होते. या रूपाविषयी त्यांना काय वाटले असते, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. त्या वेळी तो विचारला असता, तर कदाचित २०२५ मध्ये आपण इतके बेसावध राहिलो नसतो.

हे सारे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की नवे तंत्रज्ञानच त्याज्य आहे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ मधील ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वापरले. त्यांनी दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली, त्यांना मोबदला दिला, आणि ही गोष्ट स्वतः जाहीर केली. मृताचा आवाज पुन्हा ऐकवावा की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. गायकाने न गायलेले गीत त्याचे म्हणता येईल का, हा प्रश्नही शिल्लक राहतो. तरीही इथे कोणी तरी कोणाला तरी विचारले. योगायोग असा, की ‘रांझणा’चे संगीतही रहमान यांचेच. एकाच पद्धतीचे तंत्र, त्याच भाषेतील चित्रपटसृष्टी, आणि दोन वर्षांच्या आत घडलेल्या दोन घटना. त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे संमती. हॉलिवूडमधील नटांनी २०२३ मध्ये जुलै ते नोव्हेंबर असा प्रदीर्घ संप केला. त्यांच्या मागण्यांत आपल्या चेहऱ्याची आणि आवाजाची डिजिटल प्रतिकृती संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरली जाऊ नये, ही एक प्रमुख मागणी होती, आणि करारात तिला स्थान मिळाले. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास प्रतिबंध केला. नटाच्या आणि गायकाच्या देहाचे रक्षण करण्याची भाषा कायद्याला हळूहळू सापडू लागली आहे. कथेच्या देहाचे रक्षण करण्याची भाषा अजून सापडावयाची आहे.

राहिला प्रश्न प्रेक्षकाचा. मूळ चित्रपट उपलब्ध आहे, ज्याला जो शेवट हवा तो त्याने पाहावा, या युक्तिवादात वरवर पाहता औदार्य दिसते. परंतु शोकान्ताचे सामर्थ्यच मुळी यात असते, की तो प्रेक्षकाला पर्याय देत नाही. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा सिंधू वाचावी असे कोणत्या प्रेक्षकाला वाटले नसेल? पण सिंधू वाचती तर गडकऱ्यांनी मद्यपानावर ठेवलेला आरोपच सौम्य झाला असता, आणि ‘थोडक्यात निभावले’ म्हणत सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळायला मोकळा राहिला असता. १९७० मध्ये आलेल्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकरांना मुलांनी सन्मानाने घरी नेले आहे, असा शेवट कोणी यंत्राकडून करून घेतला, तर वृद्ध आईवडिलांच्या वाट्याला येणाऱ्या अवहेलनेची जी बोच घेऊन आपण नाट्यगृहातून बाहेर पडतो, तिचे काय होईल? ती बोच असह्य असते म्हणून तर ती उपयोगी असते. जॉन्सनला कॉर्डेलियाचा मृत्यू सोसवला नाही. पण तो विसरताही आला नाही. टेटच्या लिअरने कोणाची झोप उडवल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय, एकाच नाट्यगृहात बसलेल्या हजार माणसांनी एकच शेवट सोसणे, यात एक सामाजिक बंधन असते. बाहेर पडताना ती माणसे त्याच शेवटाविषयी भांडतात, हळहळतात, एकमेकांना समजावतात. उद्या प्रत्येकाला आपापल्या मनाजोगता शेवट घरबसल्या मिळू लागला, तर भांडायलाही समाईक असे काही उरणार नाही. ज्याला दुःख नको त्याला ते कधीच भेटणार नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाशी गाठ घालून देणे हे तर कथेचे सर्वांत जुने काम. यंत्र आपल्याला हवे ते देते. चांगला लेखक अनेकदा आपल्याला नको असलेले, पण आपल्या गरजेचे असे काही देतो.

यावर उपाय काय, असे विचारता येईल. कायद्यात दिग्दर्शकाला स्थान मिळावे, ही मागणी पुन्हा लावून धरली पाहिजे. तोवर लेखक, दिग्दर्शक आणि नट यांनी आपल्या करारपत्रांतच, यंत्राद्वारे कथेत वा सादरीकरणात बदल करण्यापूर्वी लेखी संमती आवश्यक राहील, असे कलम घालून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. आणि जिथे बदल केला जाईल तिथे तो करणाऱ्याचे नाव पडद्यावर आले पाहिजे. टेटने जे १६८१ मध्ये केले, तेवढे तरी २०२५ च्या निर्मात्याकडून अपेक्षिणे जास्तीचे नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी नाटकाचे कोणतेही छापील पुस्तक उघडा. पहिल्या दोन-चार पानांत, बारीक अक्षरांत, प्रयोगापूर्वी लेखकाची वा हक्कधारकाची परवानगी घेणे आवश्यक असल्याची सूचना आढळते. गावोगावच्या हौशी मंडळ्या, ज्यांच्याकडे धड पडदेही नसतात, त्या लेखकाला पत्र लिहून परवानगी मागतात, आणि एखादा प्रवेश गाळायचा असला तर तेही विचारतात. संहिता त्यांच्या हातात असते, नट त्यांचे असतात, रंगमंच त्यांचा असतो. मनात आणले तर शेवट बदलायला त्यांना कोण अडवणार होते? तरीही त्या विचारतात. चित्रपटाच्या व्यवसायाने त्या बारीक अक्षरांतील सूचनेपासून शिकण्याची वेळ आता आली आहे.